येशूची गोष्ट बदलणारी कादंबरी आणि आपला विश्वास

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वसईच्या कॅथलिक घरातले. रविवारची मिस्सा चुकत नाही. अलीकडे दोन पुस्तकं लागोपाठ वाचलीत: दस्तयेव्स्कीची 'ब्रदर्स कारामाझोव्ह' आणि पोर्तुगीज लेखक जुझे सारामागोची येशूच्या आयुष्यावरची कादंबरी. पहिलीतल्या 'ग्रँड इन्क्विझिटर' प्रकरणाने झोप उडवली. दुसरीचा राग आला, पण खालीही ठेवता आली नाही. आईने विचारलं, "असलं वाचून काय मिळतं तुला?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता तुम्ही विचारताय की असे लेखक विश्वास मोडायलाच लिहितात का, आणि ही पुस्तकं पुढे वाचावीत की नाही.

मी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) प्रॉटेस्टंट घरातली. नोकरीची सगळी वर्षं कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवलं, आणि हल्ली आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही जणांबरोबर अशीच पुस्तकं वाचते. वर्गातली बहुतेक मुलं ख्रिस्ती नसायची, मंडळीतले सगळे ख्रिस्ती. तोच उतारा दोन्हीकडे वाचला तर ठेच वेगवेगळ्या जागी लागते. वर्गात विचारायचे, "मॅडम, मूळ गोष्ट काय आहे?" मंडळीत विचारतात, "असं लिहायचा अधिकार ह्याला कुणी दिला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तुमची अडचण मात्र तिसरीच दिसते. आपल्याला नेमकं कुठे लागलं, हेच तुम्हाला अजून कळलेलं नाही.

विश्वास म्हणून आपण जे एकत्र बांधून ठेवतो, त्यात बरंच काही असतं. अमुक घटना घडली हे त्यात असतं, देव न्यायी आहे हे असतं, चर्च सांगतं ते मानावं हे असतं, आणि मी कसं जगावं हेही असतं. एकच पुस्तक या सगळ्यांवर एकदम घाव घालतं असं सहसा होत नाही. दस्तयेव्स्कीने तुम्हाला जिथे गाठलं, तिथे सारामागोने गाठलेलं नाही. ते वेगळं केल्याशिवाय 'वाचू की नको' याला उत्तर देणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

लेखकाचा हेतू काय होता, या प्रश्नाचा निकाल आधी लावू, कारण त्यातून हाती फार थोडं लागतं. 'ब्रदर्स कारामाझोव्ह' १८७९–८० मध्ये 'रशियन मेसेंजर' मासिकातून क्रमशः आली. त्याआधी, १८७८ च्या मे महिन्यात, दस्तयेव्स्कीचा तीन वर्षंही पूर्ण न झालेला मुलगा अपस्माराने गेला होता. त्याचं नाव अल्योशा. लेखक ऑर्थोडॉक्स पंथाचा ख्रिस्ती, आणि नावापुरता नव्हे, मनापासून विश्वास ठेवणारा. तरीही देवाविरुद्धचा जेवढा बळकट युक्तिवाद मी कथासाहित्यात वाचला आहे, तो या विश्वासणाऱ्या माणसाने लिहिला आणि कादंबरीतल्या इव्हान या भावाच्या तोंडी घातला. एका जनरलच्या आवडत्या कुत्र्याच्या पायाला आठ वर्षांच्या पोराने खेळताना दगड मारला, म्हणून जनरल त्या पोरावर शिकारी कुत्रे सोडतो, आईच्या डोळ्यांदेखत. इव्हान विचारतो, शेवटी सगळं सुसंवादी होणार असेल, सगळे एकमेकांना क्षमा करणार असतील, तरी त्या आईला क्षमा करायचा हक्क आहे का? देव नाही असं तो म्हणत नाही. त्या स्वर्गाचं तिकीट तो नम्रपणे परत करतो. नंतरच्या सहाव्या भागात, वृद्ध साधू झोसिमाच्या तोंडून, आपण याला उत्तर देतो आहोत असं दस्तयेव्स्कीला वाटत होतं. ते पुरेसं होईल का, ही काळजी त्याच्या पत्रांत दिसते. आपली काळजी खोटी होती असं म्हणायला तो आज असता तरी धजला असता की नाही, मला शंका आहे.

इंग्रज कवी मिल्टनचं उलटं झालं. माणसाशी देव कसा वागतो ते न्याय्य आहे हे दाखवायला त्याने 'पॅरडाइज लॉस्ट' आंधळेपणी रचलं, ते १६६७ मध्ये छापून आलं. आणि वाचकांच्या लक्षात राहिला सैतान. स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य केलेलं बरं, हे त्याचं वाक्य, कविता न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. मिल्टन नकळत सैतानाच्याच पक्षाचा होता, असं पुढे विल्यम ब्लेकने म्हटलं. म्हणजे समर्थन करायला बसलेल्याने विरोधकाला बळ दिलं, आणि फिर्याद मांडणारा स्वतः वेदीपुढे गुडघे टेकणारा होता. हेतूवरून पुस्तकाचं वजन ठरत नाही, ते असं.

मग कशावरून ठरवायचं? मी वर्गात आणि मंडळीत एकच गोष्ट आधी करायला लावते: मूळ उतारा शेजारी उघडा ठेवायचा. त्याच्याविषयी जे ऐकलंय ते नव्हे, प्रत्यक्ष उतारा. तुमच्या वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घरात असेल तर उत्तम. बऱ्याचदा असं होतं की आपल्याला धक्का ज्याचा बसला ते शास्त्रात नसतंच, आपल्या घरच्या चित्रांत असतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फळाचं नाव नाही आणि सापाला सैतान म्हटलेलं नाही. लूकमध्ये (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक) गव्हाणी आहे, पण बैल-गाढव नाहीत. लेखकाने बैल काढले म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

छोटं उदाहरण घेते, कारण छोट्यात यंत्रणा नीट दिसते. उत्पत्ती २२: अब्राहामाला देव सांगतो की इसहाकाचं अर्पण कर. लाकडं, विस्तव, सुरी, डोंगर. शेवटच्या क्षणी देवदूत हाक मारतो, झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो, मुलगा वाचतो. विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी तरुणपणी एका पाळकाचा मदतनीस होता, पुढे सैन्यात गेला, आणि पहिलं महायुद्ध थांबायच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ ला, मारला गेला. त्याची या प्रसंगावर जेमतेम सोळा ओळींची कविता आहे. जवळजवळ सगळी कविता उत्पत्तीच्याच चालीने जाते. फक्त बाप मुलाला बांधतो ते सैनिकी पट्ट्यांनी, आणि वेदीच्या जागी खंदक खणले जातात. देवदूत येतो, सांगतो की पोराऐवजी गर्वाचा एडका काप. म्हातारा ऐकत नाही. तो मुलाला मारतो, आणि युरोपचं अर्धं बीज एकेक करून मारतो.

आता बघा, ओवेनने आव्हान कुणाला दिलं? देवाला नाही. कवितेतला देव मुलाला वाचवायलाच निघाला होता. कवितेत शास्त्र साक्षीदार आहे आणि आरोपी आहेत मुलांना आघाडीवर पाठवणारे वडीलधारे. शास्त्राचा अधिकार जिवंत आहे म्हणूनच शेवटच्या दोन ओळी पोटात कळ आणतात. मूळ गोष्ट न मानणाऱ्याला त्यात नुसती क्रूरता दिसेल, आज्ञाभंग दिसणार नाही.

पण त्याच अध्यायात ओवेनने हात न घातलेली एक जागा आहे. अर्पण टळल्यावर शास्त्र सांगतं की अब्राहाम आपल्या चाकरांकडे परत आला. इसहाक परत आल्याचा उल्लेख नाही. बापलेक डोंगर उतरताना काय बोलले, काही नाही. आणि पुढचा अध्याय सुरू होतो तो सारेच्या मृत्यूने. यहुदी भाष्यकारांनी या शांततेवर पिढ्यान्‌पिढ्या विचार केला. १८४३ मध्ये डेन्मार्कच्या किर्केगार्ड या तत्त्वज्ञाने हाच प्रसंग सुरुवातीलाच चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून बघितला, आणि तो ख्रिस्तीच होता. अशा फटी शास्त्रात जागोजाग आहेत. येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात सापडतो, आणि त्यानंतर थेट साधारण तीस वर्षांचा होऊन समोर येतो. मधल्या वर्षांबद्दल लूक एक वाक्य लिहितो. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा मत्तयाच्या शुभवर्तमानात गळफास घेतो, प्रेषितांच्या कृत्यांत खाली पडून त्याचं पोट फुटतं. मरीयेने सगळ्या गोष्टी मनात ठेवल्या, असं लूक सांगतो. मनात काय ठेवलं ते सांगत नाही. कोल्म टोबीन या आयरिश लेखकाने २०१२ मध्ये म्हातारी मरीया लिहिली ती याच जागी शिरून.

माझा अनुभव असा, की चांगला लेखक भिंत फोडून आत येत नाही. शास्त्राने स्वतः ठेवलेल्या फटीतून येतो. तुमच्या सारामागोकडे या कसोटीने बघू.

मत्तय, दुसरा अध्याय. हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारायचा हुकूम देतो. त्याआधी देवदूत योसेफाला स्वप्नात सावध करतो, आणि तो बायको-पोराला घेऊन रातोरात मिसरात जातो. आपण हा भाग नाताळात ऐकतो आणि 'बाळ वाचलं' म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. पण देवदूत एकाच घरी का आला? शेजारच्या घरातल्या आयांचं काय? मत्तय स्वतः हे विसरलेला नाही. तो तिथेच रामा गावात राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, तिचं सांत्वन होत नाही, हे यिर्मया संदेष्ट्याचं वचन आणून ठेवतो. प्रश्न त्याने मांडून ठेवला, उत्तर दिलं नाही.

सारामागो तिथून आत येतो. त्याच्या कादंबरीत स्वप्न नाही. योसेफ मंदिराच्या बांधकामावर सुतारकामाला आहे, तिथे शिपायांचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. तो जीव तोडून धावतो, आपलं बाळ वाचवतो, आणि गावात कुणालाही सांगत नाही. सुचलंच नाही त्याला. पुढे आयुष्यभर त्याला एकच स्वप्न पडतं: आपण शिपाई आहोत आणि स्वतःच्या मुलाला मारायला घोड्यावरून निघालो आहोत. शेवटी सेप्फोरिस शहरात, शेजाऱ्याला शोधायला गेलेला असताना, बंडखोर समजून रोमन त्याला वधस्तंभावर चढवतात. वय तेहेतीस. आणि ते स्वप्न वारशाने येशूला मिळतं.

या भागासाठी मी सारामागोला मोठा लेखक मानते. त्याने योसेफाला खलनायक केलेलं नाही. आपण सगळे संकटात आधी आपलंच लेकरू उचलतो. तुम्हाला खाली ठेवता आलं नाही ते पान बहुधा हेच असणार.

राग आला ते पान कुठलं, त्याचाही अंदाज आहे: धुक्यातली होडी. येशू, देव आणि सैतान तळ्यावर एका होडीत बसतात, आणि देव सांगतो की त्याला यहुद्यांपुरतं राहायचं नाही, सगळं जग हवं आहे, त्यासाठी एक हुतात्मा लागेल. किंमत किती, असं येशू विचारतो. देव पुढे होणाऱ्या हुतात्म्यांची नावं वर्णानुक्रमे, मरणाच्या प्रकारासह, वाचत सुटतो. सैतान म्हणतो, मला माफ कर, म्हणजे हे सगळं टळेल. देव नकार देतो, कारण वाईटाशिवाय त्याचं चांगलेपण उरणार नाही. मग वधस्तंभावर येशू लूकमधलं वाक्य उलटं करून ओरडतो: माणसांनो, ह्याला क्षमा करा, काय केलं ते ह्याला कळत नाही.

ती यादी भयानक परिणामकारक आहे, कारण तीत खरे मेलेले आहेत. पण हा देव मला कच्चा वाटतो. तो मतदारसंघ वाढवायला निघालेला पुढारी आहे. असा देव नाकारायला धाडस लागत नाही, त्याला तर मीही नाकारीन. इव्हानने देवाला सगळं चांगलं बहाल केलं, अंतिम न्याय, अंतिम सलोखा, आणि तरीही तिकीट परत केलं. ते जास्त अवघड काम आहे. एका पुस्तकाने झोप उडाली आणि दुसऱ्याने राग आला, यातला फरक मला इथे दिसतो. समोरच्याचं म्हणणं सर्वांत बळकट रूपात मांडून मग त्याला विरोध करणाऱ्याने झोप जाते. कमकुवत पुतळा उभारून पाडणाऱ्याचा राग येतो. राग येण्यात गैर नाही, पण तो विश्वास हलल्याची खूण नव्हे.

'ग्रँड इन्क्विझिटर'बद्दल तुम्हाला, कॅथलिक म्हणून, एक गोष्ट सांगायला हवी. सोळाव्या शतकातलं सेव्हिल. येशू परत येतो, शवपेटीतल्या सात वर्षांच्या मुलीला तेच शब्द उच्चारून उठवतो जे मार्कमध्ये याईराच्या मुलीला उच्चारले होते: 'तलीथा कूम'. नव्वदीचा धर्माधिकारी त्याला अटक करतो आणि रात्री कोठडीत येऊन बोलतो. सगळं बोलणं मत्तयाच्या चौथ्या अध्यायातल्या तीन मोहांवर आहे: धोंड्यांच्या भाकरी, मंदिराच्या शिखरावरून उडी, जगातली राज्यं. तू हे तिन्ही नाकारून माणसांना स्वातंत्र्य दिलंस, म्हातारा म्हणतो, आणि ते त्यांना पेलत नाही. आम्ही तुझं काम दुरुस्त केलं. चमत्कार, गूढ आणि अधिकार यांवर ते उभं केलं, आणि आता लोक सुखी आहेत. तू पुन्हा कशाला आलास?

कॅथलिक चर्चविषयी दस्तयेव्स्कीचा पूर्वग्रह कडवट होता, आणि सेव्हिल निवडण्यात तो उघड दिसतो. तो तेवढा वजा करून वाचायचा. पण पूर्णपणे झटकूनही टाकता येत नाही. आपल्याला त्यासाठी स्पेनला जायची गरज नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडून, होतंच. आणि आम्हा प्रॉटेस्टंटांनीही हसू नये. माणसांना मोकळं सोडण्यापेक्षा ताब्यात ठेवणं सोयीचं असतं, हे आमच्या मंडळ्यांच्या कमिट्यांना चांगलं ठाऊक आहे.

या प्रकरणात येशू एक शब्द बोलत नाही. शेवटी तो उठून म्हाताऱ्याच्या रक्तहीन ओठांचं चुंबन घेतो. म्हातारा दार उघडतो आणि सांगतो, जा, पुन्हा येऊ नकोस. ही गोष्ट आपण देवाविरुद्ध रचली असं इव्हान समजतो, आणि ऐकून त्याचा धाकटा भाऊ अल्योशा म्हणतो, तुझं काव्य तर येशूची स्तुती आहे. दोघांपैकी कोण बरोबर, हे कादंबरी ठरवत नाही. तुम्हीही इतक्यात ठरवू नका. पण इथे आव्हान कशाला आहे ते स्पष्ट आहे: देव आहे की नाही याला नव्हे, येशूच्या नावाने चालणाऱ्या सत्तेला. आणि त्याच्या पोटात आणखी एक आहे: आपल्याला स्वतःला स्वातंत्र्य हवंय की भाकरी?

इथवरचं एका वाक्यात: ओवेनचा रोख बापांवर, दस्तयेव्स्कीचा एका प्रकरणात देवाच्या न्यायावर आणि लगेच पुढच्यात चर्चच्या सत्तेवर, सारामागोचा अर्ध्या पुस्तकात आपल्यावर आणि अर्ध्यात त्याने स्वतः घडवलेल्या देवावर.

कादंबरी या प्रकाराचीच एक अडचण आहे, तिचाही विचार करा. शुभवर्तमानं फार काटकसरीने लिहिलेली आहेत. येशूला काय वाटलं हे ती क्वचित सांगतात. योहानात लाजराच्या कबरीपाशी 'येशू रडला' एवढंच येतं, आणि पुढे जातं. कादंबरीला एवढ्यावर भागत नाही. तिला पात्राच्या मनात शिरावंच लागतं, त्याला भूक, घाम, शंका द्यावीच लागते. त्यामुळे येशूवरची कुठलीही कादंबरी, अगदी भक्ताने लिहिलेलीसुद्धा, त्याचं माणूसपण ताणतेच. ग्रीक लेखक निकोस कझान्तझाकिसचं हेच झालं. सैतान येशूला 'संधी मिळेपर्यंत' सोडून गेला, असं लूक ४:१३ मध्ये आहे. ती संधी कधी आली? कझान्तझाकिसने ती वधस्तंभावर आणली. वेदनेच्या ऐन भरात येशूला दिसतं की आपण खाली उतरलो, लग्न केलं, मुलंबाळं झाली, सुखाने म्हातारे झालो. मग यहूदा येऊन त्याला पळपुटा म्हणतो, आणि तो त्या सुखातून खेचून स्वतःला परत वधस्तंभावर आणतो. म्हणजे शेवटचा मोह तो नाकारतो. इब्री लोकांच्या पत्रात येशू सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला असं म्हटलंय, ते या लेखकाने जेवढं अक्षरशः घेतलं तेवढं किती पाळक घेतात? तरी १९५४ मध्ये पुस्तक व्हॅटिकनच्या निषिद्ध यादीत गेलं. (ती यादीच १९६६ मध्ये बंद झाली.) ज्यांना त्या दृश्यांनीच दुखावलं त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. शेवटपर्यंत न वाचता निकाल देणाऱ्यांचं मात्र मला कधी पटलं नाही.

कवितेला हे ओझं नसतं. थॉमस हार्डीचा विश्वास तरुणपणीच गेला होता. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी 'टाइम्स'मध्ये त्याची एक कविता आली. नाताळच्या मध्यरात्री गोठ्यात बैल गुडघे टेकतात, ही लहानपणी ऐकलेली समजूत. आज कुणी म्हणालं, चल बघायला, तर मी अंधारात जाईन, 'असेलही खरं' या आशेने. एवढंच. हा हल्ला नाही, घर सुटलेल्याची हुरहुर आहे. पण मंडळीत सर्वांत जास्त माणसं याच कवितेने अस्वस्थ झालेली मी पाहिली आहेत. युक्तिवादाला उत्तर देता येतं, हुरहुरीला काय देणार?

आता तुम्ही न विचारलेली, पण प्रश्नाखाली दडलेली भीती. शास्त्राला असे प्रश्न विचारणं हेच पाप नाही का? बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचा. चांगल्या माणसाची दहा मुलं मरतात, आणि कारण काय, तर स्वर्गात सैतानाशी झालेलं एक बोलणं, जे ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. तीन मित्र येऊन देवाची बाजू मांडतात: तू काहीतरी केलं असशील. ईयोब ऐकून घेत नाही, देवालाच कोर्टात बोलावतो. आणि शेवटी (४२:७) देव मित्रांना म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणारे चुकले, फिर्यादी बरोबर ठरला, आणि हे पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावरचं 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हेसुद्धा बाविसाव्या स्तोत्रातलं आहे. प्रश्न विचारायची रीत बाहेरून आलेली नाही. दस्तयेव्स्कीला हे माहीत होतं. त्याचा झोसिमा सांगतो की आठ वर्षांचा असताना चर्चमध्ये ईयोबाचं वाचन ऐकलं, तेव्हा देवाचं वचन पहिल्यांदा मनात रुजलं.

आणि पुन्हा सांगणं म्हणजे विरोध, असंही नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने बायबलची कथा मराठी ओवीत पुराणाच्या वळणाने सांगितली, १६१६ मध्ये, गोव्यात रायतूरला. ते नव्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास घट्ट व्हावा म्हणूनच. आमच्या नगरच्या रेव्हरंड टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. मराठी वाचकाला 'युगान्त' आणि 'व्यासपर्व'ही घरचे आहेत. कुंतीला किंवा युधिष्ठिराला प्रश्न विचारले म्हणून इरावतीबाई किंवा दुर्गाबाई महाभारताच्या शत्रू झाल्या, असं कोणी शहाणा म्हणत नाही.

पण ही तुलना फार ताणू नका. कर्णाची गोष्ट दहा तऱ्हांनी सांगितली तरी महाभारत कोसळत नाही. ख्रिस्ती विश्वासात मात्र एक घटना घडल्याचा दावा आहे. प्रेषित पौल सरळ लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. म्हणून ख्रिस्ती वाचक जास्त दचकतो, आणि ते स्वाभाविक आहे. तेव्हा एवढं पक्कं ध्यानात ठेवा: सारामागोने योसेफ वधस्तंभावर चढवला, हा इतिहासातला शोध नव्हे. कादंबरी घटनेबद्दल पुरावा देत नाही. ती घटनेचा अर्थ विचारते. गुप्त कागद सापडल्याचा आव आणणाऱ्या थरारकथांची गोष्टच सोडा, त्या विमानतळावर वाचून तिथेच ठेवायच्या.

वाचावं की नाही, हे परिस्थितीवर आहे, आणि इथे मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. घरात नुकतं मूल गेलं असेल तर मी कुणाच्या हातात इव्हानचं प्रकरण देणार नाही, ईयोबही नाही. एकट्याने, रात्री, मोबाइलवर वाचणं आणि चार जणांत बसून वाचणं यात फार फरक पडतो. आणि ज्याचा विश्वास आधीच दुसऱ्या कारणाने उसवलेला आहे, घरातली जबरदस्ती, एखाद्या धर्मगुरूने दिलेला त्रास, त्याच्या हातात पुस्तक हे निमित्त होतं. त्या वेळी भांडण पुस्तकाशी नसतं. अशी पुस्तकं वाचून विश्वास सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. याच पुस्तकांनंतर पहिल्यांदा शुभवर्तमान नीट वाचायला घेतलेलीही पाहिली आहेत. कोण कुठे जाईल हे मला आधी कधीच सांगता आलं नाही.

आईंना सारामागोच्या होडीचं प्रकरण समजावत बसू नका, ते भांडणच होईल. त्याऐवजी मत्तयाचा दुसरा अध्याय दोघांनी मिळून वाचा आणि विचारा की बाकीच्या घरी देवदूत का गेला नसेल. त्यांनी हा प्रश्न मनात कधी केला नसेल असं समजू नका. मुलांना वाढवलेल्या बायका हे वचन आपल्यापेक्षा वेगळ्या कानांनी ऐकतात. "असलं वाचून काय मिळतं" याचं उत्तर त्या संभाषणात कदाचित त्याच देतील.

पुढे वाचायचं असेल तर आधी ईयोबाचे ३८ ते ४२ हे अध्याय, एका बैठकीत. मग 'कारामाझोव्ह'चा सहावा भाग, जो बहुतेक जण कंटाळून ओलांडतात. तुम्हीही ओलांडला असणार. कझान्तझाकिस थोडा मागे ठेवा. त्याआधी पेर लागरक्विस्त या स्वीडिश लेखकाची १९५० ची 'बाराबास' घ्या. येशूच्या जागी सुटलेला गुन्हेगार, ज्याच्यासाठी येशू अगदी शब्दशः मेला, आणि ज्याला विश्वास ठेवायची इच्छा असूनही जमत नाही. पुस्तक छोटं आहे. शेवटी तो स्वतः वधस्तंभावर असताना, अंधाराकडे बघून, 'तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो' अशा अर्थाचं काही म्हणतो. हा 'तू' म्हणजे देव की नुसता अंधार, यावर आमच्या वाचनगटात दोन तट आहेत आणि मी अजून कुठल्याच तटात गेलेले नाही. वाचून झालं की तुम्हाला काय वाटतं ते इथेच लिहा.